चोर सोडून संन्याशाला फाशी

शुक्रवारी आमचे मालेगाव वेगळेच वाटते. एरवी रात्रंदिवस चालणारी यंत्रमागांची खटखट त्या दिवशी थांबलेली असते, आणि ज्यांचे सारे आयुष्य त्या आवाजात गेले त्यांना शांततेतच चुकल्या-चुकल्यासारखे होते. अशाच एका शुक्रवारी दुपारी माझा भाचा घरी आला. कॅम्प भागातल्या एका सुताच्या व्यापाऱ्याकडे तो संगणकाचे सगळे काम पाहतो. बिले, जीएसटीची विवरणपत्रे, पार्ट्यांशी होणारा ई-मेलचा व्यवहार, सगळे त्याच्याच गळ्यात. चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांत काहीतरी निश्चय दिसत होता. पाण्याचा तांब्या खाली ठेवत तो म्हणाला, "मामा, आज त्यांना दाखवतोच."

त्यांना म्हणजे कुणाला, हे समजायला थोडा वेळ लागला. शेठच्या ई-मेलच्या पेटीत रोज दीडदोनशे नको असलेली पत्रे येऊन पडतात. बिनव्याजी कर्ज, परदेशी लॉटरी, वजन घटवणारी पावडर, आणि लहान मुलांसमोर उघडता येणार नाही असे बरेच काही. इंग्रजीत याला 'स्पॅम' म्हणतात. मूळचे हे डबाबंद मांसाच्या एका ब्रँडचे नाव. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी प्रवेशात उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थात तेच घातलेले असते, त्यावरून ते या कचऱ्याला चिकटले. तर त्या आठवड्यात इचलकरंजीच्या एका पार्टीने भाव पक्का केल्याचे पत्र या ढिगाऱ्यात गाडले गेले. दोन दिवस उत्तर गेले नाही. पार्टीने दुसरीकडून सूत उचलले. शेठने सगळ्यांसमोर भाच्याला सुनावले, आणि महिन्याच्या पगाराला कात्री लागते की काय अशी वेळ आली.

म्हणून त्याने एक आयुध शोधून आणले होते. आपल्या लॅपटॉपवर ते उघडून त्याने मला दाखवले. एका चौकटीत समोरच्या संगणकाचा पत्ता टाकायचा आणि बटण दाबायचे. मग हा कार्यक्रम त्या संगणकाकडे सेकंदाला शेकडो विचारणा पाठवत राहतो. चारसहा मित्रांनी एकाच वेळी बटण दाबले की समोरचा संगणक गुदमरतो आणि बंद पडतो. "त्यांनी आपली पेटी भरली, आपण त्यांची भरू," असा त्याचा साधा हिशेब. रात्री नऊची वेळ ठरली होती. मित्र तयार होते.

मी आयुष्यभर दूरध्वनी केंद्रात चाकरी केली. संगणकातले मला बेताचेच कळते, पण लाइन भरून जाणे म्हणजे काय ते चांगले कळते. एक्स्चेंजला कितीही ग्राहक जोडलेले असले तरी एका वेळी बोलू शकणाऱ्यांची संख्या ठरलेली असते. तेवढ्या वाटा भरल्या की पुढच्याला फक्त एंगेज टोन. तो पुढचा माणूस कोण आहे, बाळंतिणीसाठी डॉक्टरला बोलावणारा आहे की गप्पा मारणारा, हे यंत्राला ठाऊक नसते. ८ सप्टेंबर २००६ चा शुक्रवार मालेगावात कुणी विसरणार नाही. शब-ए-बरातच्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. त्यानंतर थोड्याच वेळात गावाचे फोन लागेनासे झाले. कुणी तारा तोडल्या नव्हत्या. प्रत्येक जण आपल्या माणसाचा शोध घेत होता, मुंबई-भिवंडीपासून आखातापर्यंतचे नातेवाईक मालेगावचा नंबर फिरवत होते, आणि त्या काळजीच्या ओझ्याखालीच जाळे बसले. नेमक्या ज्यांना फोनची निकड होती त्यांनाच तो मिळाला नाही. भाच्याचे आयुध हीच अवस्था मुद्दाम घडवून आणते, एवढाच काय तो फरक.

"पण मामा, समोर चोर आहे ना!" तो म्हणाला.

चोर आहे हे तुला कुणी सांगितले, असे मी विचारले. पत्राच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचे नाव होते. पण ई-मेलवरचे पाठवणाऱ्याचे नाव हे टपालाच्या पाकिटामागे लिहिलेल्या नावासारखे असते. तिथे कुणीही कुणाचेही नाव लिहावे, पोस्टमन काही तपासायला जात नाही. याचा फटका कसा बसतो त्याचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेत ज्यो डॉल नावाचे गृहस्थ 'ज्योज् डॉट कॉम' या नावाने लोकांना संकेतस्थळासाठी जागा देत. त्यांच्या एका ग्राहकाने कचरापत्रे पाठवून जाहिरात केली, म्हणून त्यांनी त्याचे खाते बंद केले. सूड म्हणून त्या ग्राहकाने १९९७ च्या सुरुवातीला आणखी कचरापत्रे पाठवली, पण या खेपेस ज्यो डॉल यांच्याच नावाने. ती मिळालेले लोक खवळले. शिव्यांची पत्रे आली, आणि काहींनी थेट त्यांच्या संकेतस्थळावर हल्ला चढवला. ते काही काळ बंद पडले. ज्याने कचरा फेकणाऱ्याला हाकलले त्याच्याच दारावर लोकांनी दगड मारले, आणि मारणारा प्रत्येक जण स्वतःला न्यायाच्या बाजूचा समजत होता. इंग्रजीत आजही असल्या बनावटीला त्याच ज्योचे नाव आहे.

भाचा काही इतका भोळा नव्हता. वरचे नाव खोटे असते हे त्याला माहीत होते. ई-मेलच्या पोटात, सहसा न दिसणारा, प्रवासाचा एक तपशील असतो. कोणत्या यंत्राने कोणत्या यंत्राकडे पत्र कधी सोपवले याची ती नोंद, टपालाच्या शिक्क्यांसारखी. त्यातून त्याने एका संगणकाचा आकडी पत्ता काढला होता, आणि आयुधाच्या चौकटीत तोच भरलेला होता. तो पत्ता कुणाचा आहे हे मात्र त्याने पाहिले नव्हते. आम्ही दोघांनी मिळून शोधले. पूर्व युरोपातल्या एका गावातल्या शाळेचा निघाला. शाळेचे पान उघडले तर वर्गाच्या भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे, आणि सहलीचा फोटो.

कचरापत्र पाठवणारा क्वचितच स्वतःच्या यंत्रावरून पाठवतो. त्याने भलत्यांच्या संगणकांत चोरून आपला कार्यक्रम घुसवलेला असतो, आणि असे हजारो, कधी लाखो संगणक धन्याच्या नकळत त्याची चाकरी करतात. शाळेचे, दवाखान्याचे, कुणा निवृत्त मास्तरांचे. पत्रातल्या दुव्यावर टिचकी मारली तर जे दुकान उघडते तेही पुष्कळदा कुणा तिसऱ्याच्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात चोरून थाटलेले असते. म्हणजे त्या रात्री नऊ वाजता बटण दाबले गेले असते तर शाळेचा संगणक बसला असता, आणि पावडर विकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

या गावाला घाईघाईने ठरवलेला चोर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. २००६ च्या त्या स्फोटांनंतर नऊ जणांना पकडले गेले. त्यांतल्या बहुतेकांना जामीन मिळायला २०११ उजाडले, आणि विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले ते एप्रिल २०१६ मध्ये. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता. ई-मेलच्या कचऱ्याची तुलना त्या दुःखाशी करू नये, आणि मी ती करत नाही. पण ज्या गावातल्या घरांनी अशी दहा वर्षे काढली, त्या गावातल्या पोराने पत्ता न तपासता बटणावर बोट ठेवावे, याने मला त्या दुपारी खरोखर अस्वस्थ केले.

भाच्याचा विचार काही नवा नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांनाही हाच मोह झाला आहे. लायकोस युरोप या कंपनीने नोव्हेंबर २००४ च्या अखेरीस लोकांना एक फुकट स्क्रीनसेव्हर वाटला. संगणक रिकामा असला की तो पडद्यावर चित्रे दाखवी आणि पाठीमागून कचरापत्रवाल्यांच्या संकेतस्थळांना विचारणा करत राही. ती बंद पाडायची नाहीत, फक्त त्यांचे बिल वाढवायचे, असे कंपनी म्हणत होती. पाहता पाहता लाखभर लोकांनी तो घेतला. पण नेटक्राफ्ट या पाहणी करणाऱ्या संस्थेला काही लक्ष्ये पूर्ण बंद पडलेली आढळली, म्हणजे 'फक्त बिल' ही भाषा पहिल्या दोनचार दिवसांतच फोल ठरली. एका कचरापत्रवाल्याने तर आपल्याकडे येणारा सगळा लोंढा परत लायकोसच्याच पानाकडे वळवला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कंपनीने हा उद्योग गुंडाळला. पुढे त्याच स्क्रीनसेव्हरच्या नावाने विषारी कार्यक्रम जोडलेली पत्रे फिरू लागली, ती वेगळीच.

त्याहून बोलकी कथा ब्लू सिक्युरिटी या इस्रायली कंपनीची आहे, आणि मला वाटते प्रत्येक रागावलेल्या तरुणाने ती ऐकावी. या मंडळींनी हल्ला करायचा नाही असे ठरवले होते. त्यांच्या 'ब्लू फ्रॉग' या कार्यक्रमाचे सुमारे पाच लाख सभासद होते. सभासदाला एक कचरापत्र आले की त्याच्या वतीने त्या जाहिरातदाराच्या संकेतस्थळावर एक तक्रार भरायची. एका पत्रास एक तक्रार. दिसायला अगदी सनदशीर. मात्र लाखोंच्या तक्रारी एकदम आल्या की परिणाम हल्ल्यासारखाच होतो, हे उघड आहे. काही कचरापत्रवाल्यांनी माघार घेतली आणि सभासदांचे पत्ते आपल्या यादीतून काढायला ते राजीही झाले. पण त्यासाठी आपली यादी कंपनीच्या साधनातून गाळून घ्यावी लागे. एका बेरकी इसमाने गाळण्याआधीची आणि नंतरची यादी शेजारी शेजारी ठेवली. जे पत्ते गळले ते सभासदांचे! मे २००६ मध्ये त्या सभासदांना धमक्यांची पत्रे आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कचरा येऊ लागला, आणि कंपनीवर ताब्यातल्या संगणकांच्या फौजेचा हल्ला सुरू झाला.

कंपनीने तेव्हा आपल्या पत्त्यावर येणाऱ्यांना दुसरीकडच्या आपल्या अनुदिनीकडे वळवले. त्या अनुदिनीची जागा सिक्स अपार्ट या कंपनीची होती. लोंढाही तिकडेच वळला, आणि लाइव्हजर्नल व टाइपपॅडवर आपल्या रोजच्या गोष्टी लिहिणारे असंख्य लोक कित्येक तास ताटकळले. त्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. दोन आठवडे झुंजून ब्लू सिक्युरिटीने दुकान बंद केले. चिघळत जाणाऱ्या सायबरयुद्धाची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही, असे तिच्या प्रमुखांचे म्हणणे होते. त्यांना शहाणपण उशिरा सुचले असे म्हणणे सोपे आहे. पण पाच लाख लोक पाठीशी असताना थांबायलाही धाडस लागते.

आपल्या देशातले सर्वांत जवळचे उदाहरण कचरापत्रांचे नाही, चोरून चित्रपट वाटणाऱ्यांचे आहे. बंगळुरूच्या एप्लेक्स सॉफ्टवेअर या कंपनीला चित्रपट व्यावसायिकांनी काम दिले होते. चोरीचे चित्रपट वाटणाऱ्या संकेतस्थळांना आधी नोटीस द्यायची, आणि नोटिशीला भीक न घालणाऱ्यांवर विचारणांचा भडिमार करायचा, अशी कंपनीची पद्धत २०१० साली तिच्या प्रमुखांच्याच बोलण्यातून बाहेर आली. (जुने व्हिडिओ पार्लर आणि घरगुती 'मालेगाव के शोले' पाहून वाढलेल्या आमच्या गावाला या भांडणाच्या दोन्ही बाजू कळतात, हा भाग निराळा.) त्या सप्टेंबरात 'अनॉनिमस' म्हणवणाऱ्या निनावी मंडळींनी परतफेडीची मोहीम काढली. एप्लेक्सचे संकेतस्थळ बंद पडले, पाठोपाठ अमेरिकेतल्या चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेचे. डिसेंबरात विकिलीक्सचे प्रकरण आले आणि तोच जमाव पेपाल, मास्टरकार्ड, व्हिसा यांच्याकडे वळला. चित्रपटाच्या चोरीवरून पेटलेली काडी तीन महिन्यांत पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेपर्यंत गेली.

या मोहिमेत ज्यांनी बटणे दाबली त्यांतले पुष्कळ जण माझ्या भाच्याहून लहान होते. नेदरलँड्समध्ये सोळा वर्षांचा मुलगा पकडला गेला. ब्रिटनमध्ये जानेवारी २०११ मध्ये पाच जणांना अटक झाली, त्यांत पंधरा वर्षांचाही होता. आणि जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयाने बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला अठरा महिन्यांची कैद सुनावली. ही मुले सापडली कशी? जे फुकट साधन त्यांनी वापरले ते वापरणाऱ्याचा पत्ता मुळीच लपवत नाही. प्रत्येक विचारणेवर पाठवणाऱ्याच्या घरचा आकडी पत्ता छापलेला असतो. अंधारात दगड मारायचा आणि दगडावर आपले नाव लिहायचे, तसलाच प्रकार. शिवाय साधन तरी खरे कशावरून? २०१२ मध्ये याच मंडळींना वाटल्या गेलेल्या एका साधनात बँकेचे पासवर्ड चोरणारा कार्यक्रम कुणीतरी भरला होता. लढायला निघालेला लुटला गेला.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार, धन्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याचा संगणक वा जाळे ठप्प पाडले, हक्काच्या माणसाला त्याचा वापर करू दिला नाही, तर नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच लबाडीने किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सूड ही लबाडी होते का, यावर वकील कोर्टात वाद घालू शकतील. तो वाद ऐकेपर्यंत पोराचा लॅपटॉप आणि दोनतीन वर्षे पोलिसांच्या कपाटात पडून राहतील. 'त्याने आधी केले' हा बचाव फारसा टिकण्यासारखा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क फौजदारी कायद्यात जुन्या दंडसंहितेपासून आहे आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे, पण सरकारी यंत्रणेकडे जायला सवड असेल तिथे तो मिळत नाही. सकाळी आलेल्या पत्राचा सूड रात्री नऊला मित्र जमवून घेणाऱ्याला सवड नव्हती असे कोण म्हणेल? अमेरिकेत हल्ला झालेल्याला उलट घुसायची मुभा देणारे विधेयक २०१७ मध्ये मांडले गेले होते. तेही पुढे सरकले नाही.

एक गोष्ट मात्र भाच्याच्या बाजूने मान्य करायलाच हवी. नको असलेल्या फोन आणि एसएमएससाठी १९०९ हा क्रमांक आहे, दूरसंचार नियामकाचे २०१८ चे विनियम आहेत. ई-मेलच्या कचऱ्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर फोन करता येतो, पण नुसत्या उपद्रवाची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाकडे ठाणे अंमलदार ज्या नजरेने पाहतो ती मी पाहिली आहे. सरकारने मोकळी सोडलेली ही जागा सुडाने भरू पाहणारे लोक सगळेच गुंड नसतात. त्यांतले बरेच नुसते वैतागलेले असतात.

मग काहीच उपाय नाही का? आहे, आणि त्याचा एकदा जो परिणाम दिसला तो कुठल्याही हल्ल्याने साधला नव्हता. अमेरिकेतल्या सॅन होजे इथे मॅकोलो नावाची एक कंपनी होती. कचरापत्रांच्या मोठमोठ्या फौजांना हुकूम सोडणारी यंत्रे तिच्याकडे ठेवलेली होती. अभ्यासकांनी पुरावे जमवले. वॉशिंग्टन पोस्टच्या ब्रायन क्रेब्ज या पत्रकाराने ते, मॅकोलोला इंटरनेटची जोडणी पुरवणाऱ्या कंपन्यांसमोर ठेवले. त्यांनी ११ नोव्हेंबर २००८ रोजी जोडणी काढून घेतली. एकाही संकेतस्थळावर भडिमार झाला नाही. जगातला कचरापत्रांचा ओघ एका दिवसात निम्म्याहून खाली आला. काही महिन्यांनी तो पुन्हा चढला, हेही खरे. टेलिफोनच्या भाषेत सांगायचे तर कुणाच्या घरावर चाल करून जायचे नाही, ज्या खांबावरून त्याची तार येते त्या खांबाच्या मालकाकडे कागद घेऊन जायचे.

त्या संध्याकाळी आम्ही तेच केले. शाळेच्या आकडी पत्त्यामागे जी इंटरनेट कंपनी होती तिचा तक्रारीचा ई-मेल सापडला. पत्राच्या पोटातला प्रवासाचा तपशील जसाच्या तसा जोडून भाच्याने चार ओळी लिहिल्या. एक प्रत शाळेलाही पाठवली. मग शेठच्या स्वतःच्या नावाचा बंदोबस्त केला. आपल्या पत्त्यावरून पत्रे पाठवायचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे याची जाहीर नोंद करता येते, म्हणजे उद्या कुणी शेठच्या नावाने कचरा पाठवला तर घेणाऱ्याचे यंत्र तो ओळखू शकते. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना अशा नोंदी सक्तीच्याच केल्या आहेत. शेठकडे ती नव्हती. इचलकरंजीची, भिवंडीची, कोइमतूरची नेहमीची नावे वेगळ्या खणात पडतील अशी चाळणीही लावली. हे सगळे दीड तासात झाले. पूर्वी का केले नाहीस असे मी विचारले नाही. भाचा आहे, शेवटी.

नऊ वाजता मित्रांचे फोन यायला लागले. त्यांना त्याने शाळेच्या पानाचा दुवा पाठवला. एक जण तरी म्हणालाच, "मग दुसरा पत्ता शोध ना." आयुध पुसून टाकताना त्याचा चेहरा पडला होता, खोटे कशाला सांगू.

उठता उठता मी त्याला शेठच्या गोदामातल्या कॅमेऱ्यांबद्दल विचारले. २०१६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली बडी बडी संकेतस्थळे ज्या हल्ल्याने काही तास बंद पडली, त्यातली फौज मुख्यतः असल्याच कॅमेऱ्यांची आणि त्यांच्या रेकॉर्डरची होती. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेलाच नव्हता. ही फौज पहिल्यांदा उभारणारे तिघे कोवळ्या वयाचे तरुण होते, आणि त्यांतला एक रटगर्स विद्यापीठात शिकत असताना स्वतःच्याच विद्यापीठाचे जाळे बंद पाडत असे. त्याच वर्षी जुलैत मुंबई परिसरातल्या इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांवरही असाच भडिमार झाला होता आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला होता. भाच्याने मोबाइलवर रेकॉर्डरचे पान उघडले. नाव 'अॅडमिन', पासवर्डही 'अॅडमिन'. दुकान लावले त्या दिवसापासून तोच.

"म्हणजे मामा, आपणही कुणाला तरी पाठवत असू?" त्याने विचारले. असूही, मी म्हणालो. पासवर्ड बदलायला तो त्याच रात्री मोटारसायकल काढून गोदामावर गेला.

शाळेकडून उत्तर आले नाही. दहाबारा दिवसांनी त्या आकड्यावरून येणारी पत्रे थांबली, आमच्या तक्रारीने की आणखी कशाने ते देव जाणे. वजन घटवण्याची पावडर आता दुसऱ्याच कुठल्या तरी आकड्यावरून येते. इचलकरंजीच्या पार्टीने मात्र गेल्या महिन्यात पुन्हा भाव विचारला, आणि भाच्याने पाच मिनिटांत उत्तर दिले.